पहिल्या तिघींत

१६ सप्टेंबर २०२५, मंगळवार

आज मी मेसमधल्या लहानूभाऊंना ताट फेकून मारलं. भाजीसकट.

वांग्याच्या भाजीत मीठ जास्त झालं होतं. सांगायला गेले तर ते म्हणाले, "मीठ बरोबर आहे ताई. तुमचा आवाज बसला का?" एवढंच. पण डोक्यात काहीतरी सणकन पेटलं आणि ताट हातातून सुटलं. त्यांच्या कानाजवळून गेलं, भिंतीवर आपटलं. थाळीफेकवालीचा नेम चुकला म्हणून पोरी हसल्या. त्या हसण्याचा राग वेगळाच.

साठीचा माणूस. वाकून ताट उचललं, फडक्याने भिंत पुसली. मी माफी मागितली नाही. तोंड उघडलं असतं तर आणखी काहीतरी निघालं असतं.

आमचे प्रशिक्षक दुर्गेश सर, त्यांनी बोलावलं. वाटलं, आता शिबिरातून हाकलणार. सर हसत होते. म्हणाले, अशीच आग पाहिजे, फक्त ताटावर वाया घालवू नको, थाळीवर काढ.

संध्याकाळी मेघाताईला फोन केला. ती माझी मोठी बहीण, रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. सगळं ऐकून म्हणाली, राग आला की लिहून काढत जा, माणसांवर काढू नको. म्हणून ही वही. बेसा चौकातल्या दुकानात हीच एक उरली होती. वर दोन मांजरं आहेत.

२१ सप्टेंबर, रविवार

थाळी छप्पन मीटरच्या पुढे गेली आज! मागच्या वर्षी एक्कावन्नलाच माझा जीव निघत होता. सर म्हणतात, जानेवारीपर्यंत साठ.

जानेवारीत अठरावे बांडुंग खेळ, आणि पहिल्यांदाच नागपुरात. शहर नुसतं चेकाळलंय. विदर्भाचं वेगळं राज्य झालं तेव्हा आजोबा असेच नाचले होते, असं बाबा सांगतात. शाळेत आम्हाला धडा होता: नव्यानं स्वतंत्र झालेल्या देशांनी गोऱ्यांच्या ऑलिंपिककडे पाठ फिरवली आणि आपले खेळ सुरू केले. ऑलिंपिक आता दहा-बारा देशांचं संमेलन उरलंय, आणि आपल्याकडे सव्वाशे देश येणार. तिकडे खेळाडूंना औषधं देऊन घोडे करतात, आपल्याकडे माणसं खेळतात, असं गुरुजी म्हणायचे. तेव्हा फार अभिमान वाटायचा. आताही वाटतो.

राज्याला मैदानी खेळांत एक तरी सुवर्ण पाहिजे. पोरींमधून माझ्यावर आणि सोनिकावर सगळी भिस्त आहे. सोनिका माझ्या खोलीत असते. उमरेडची, गोळाफेक करते, झोपेत बडबडते. आम्हा दोघींना दर सोमवारी शिबिरातले सौरव डॉक्टर शक्तीची सुई देतात, आणि जेवणासोबत दोन गुलाबी गोळ्या. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या घरी जे मिळालं नाही ते भरून काढतोय." बाबा एसटीत कंडक्टर, आई काटोलच्या बाजारात संत्र्यांची प्रतवारी करायला जाते. आम्ही उपाशी नव्हतो. पण डॉक्टरांचं बरोबरही असेल. नाहीतर पाच मीटर कुठून आले?

२ ऑक्टोबर, गुरुवार

आईबाबा दरवर्षीसारखे दीक्षाभूमीवर आले होते. सर सुट्टी देईनात, तशीच निघून गेले.

गर्दीत रांगा लावल्या होत्या. मी केस बारीक कापलेत, ट्रॅकसूट घातला होता. एका स्वयंसेवकाने मागून खांद्याला धरलं, "भाऊ, पुरुषांची रांग तिकडं आहे," म्हणाला. मी वळून म्हटलं, मी बाई आहे. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. माझा आवाज ऐकून तर आणखीच. मी त्याची कॉलर धरली. एवढी घट्ट, की त्याचं वरचं बटण माझ्या मुठीत राहिलं. आजच्या दिवशी, त्या जागी, पांढऱ्या कपड्यांतल्या एवढ्या माणसांसमोर. बाबांनी मधे पडून सोडवलं, त्या पोराची दोनदा क्षमा मागितली. मला बाबांचाच राग आला.

झाडाखाली डबा उघडून बसलो तेव्हा आईने माझ्या हनुवटीवरून हात फिरवला. मग तो हात तिने बराच वेळ पदरात ठेवला. जाताना एवढंच म्हणाली, "तुले तिथं नीट ठेवतात ना वं?"

मी म्हटलं, नीट म्हणजे काय, मांस-अंडी-दूध, सगळं देतात. तरी ती बसमध्ये चढेपर्यंत वळून वळून बघत होती. काय बघायचं असतं एवढं?

३० ऑक्टोबर, गुरुवार

दोन महिने पाळी नाही. बरंच आहे, सरावात खाडा नको. सोनिकाचंही तसंच. डॉक्टर म्हणाले, मेहनतीने होतं, सगळ्या मोठ्या खेळाडूंचं होतं.

पार्लरमधली बाई हनुवटीवर दोरा फिरवताना विचारते, थायरॉइड आहे का? मी म्हटलं, तू दोरा फिरव.

हे सगळं मेघाताईला सहज सांगितलं तर ती पोलिसासारखी उलटतपासणी घ्यायला लागली. सुईचं नाव काय, रंग कसा, पाण्यासारखी की तेलासारखी? मी म्हटलं, मला काय माहीत. ती म्हणाली, बाटली बघ, फोटो काढून पाठव. मला एकदम कळलं तिला काय झालंय ते. तीही शाळेत असताना धावायची. तिला कोणी शिबिरात घेतलं नाही. मी तसं तोंडावर बोलून दाखवलं. ती म्हणाली, "ठीक आहे. पण फोटो पाठव."

नाही पाठवणार. तिचा नंबर ब्लॉक केलाय.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सोनिकाचं काय चाललंय कळत नाही. सरावाला उशिरा येते, दोन फेकी करून बसून राहते. जेवण बघितलं की तोंड फिरवते. सारखी अंग खाजवते. डोळेही पिवळट दिसतात. रात्रंदिवस मोबाईल बघितल्यावर आणखी काय होणार? राज्याने आपल्यावर एवढा खर्च करायचा आणि आपण लोळायचं. मी आज तिला सरळ सांगितलं, तुला जमत नसेल तर घरी जा, दुसरी कोणी येईल तुझ्या जागी. ती रडली. रडली की मला किळस येते हल्ली. आधी असं नव्हतं. आधी कोणी रडलं की मीही रडायची.

आज अठ्ठावन्न.

८ डिसेंबर, सोमवार

सरावाहून आले तर सोनिकाचा पलंग रिकामा. गादी गुंडाळलेली, कपाट उघडं. सर म्हणाले, दडपण झेपलं नाही, घरी पळाली. तिला ग्रुपमधूनही काढलंय. मला एक शब्द न सांगता गेली! चार महिने एका खोलीत राहिलो. एवढी भेकड असेल असं वाटलं नव्हतं. फोन लावला, बंद आहे.

आज सुई दिली नाही. डॉक्टर म्हणाले, आता खेळांपर्यंत फक्त गोळ्या.

१३ डिसेंबर, शनिवार

आज मेघाताई शिबिराच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. आत सोडेनात तर तिने तिथूनच माझ्या नावाने हाका मारल्या. मी भांडायलाच गेले. ती म्हणाली, "शिव्या नंतर दे. गाडीवर बस."

तिच्याच हॉस्पिटलात नेलं. तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर सोनिका. हळदीत बुडवून काढल्यासारखी. पोट फुगलेलं, हात काड्यांसारखे. चार किलोचा गोळा चेंडूसारखा उचलायची ती पोरगी, पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून पीत होती. मला बघून हसली आणि म्हणाली, घरी गेलेच नाही मी, सरांनी गाडीत घालून इथल्या फाटकाशी सोडलं.

तिची आई जिजाबाई बाहेर बाकावर होत्या. मी पाया पडायला वाकले तर पाय मागे घेतले.

"तुलेही देत होते का वं ते सुई?"

मी हो म्हटलं.

"मंग तू उभी काहून आहेस, आन् माही पोरगी काहून पडली?"

ताईने सांगितलं ते असं: ती शक्तीची सुई नव्हती. पुरुषांच्या शरीरात जे तयार होतं ते तेलात कालवून आम्हाला टोचत होते, आणि गोळ्याही त्याच्याच. त्या गोळ्यांनी सोनिकाचं यकृत खलास केलंय. जगेल, असं डॉक्टर म्हणतात. पण पूर्वीसारखी होईल असं कोणी म्हणत नाही.

ताईने माझंही रक्त काढून घेतलं.

मी सोनिकाला भेकड म्हटलं होतं. इथेच, मागच्या पानावर.

१५ डिसेंबर, सोमवार

रिपोर्ट आला. यकृत थोडं सुजलंय, गोळ्या बंद केल्या तर भरून येईल. बाकीचे आकडे बाईचे नाहीत, असं ताईने सरळ सांगितलं. आवाज बहुतेक असाच राहणार.

मग ती म्हणाली, "तुझा रागही त्यातलाच असेल, दीपे. तो ताटाचा प्रकार, दीक्षाभूमीवरचा. औषधाने असं होतं."

हे ऐकून मी तिच्यावरच धावून गेले. म्हणजे आवाज माझा नाही, केस माझे नाहीत, पाच मीटर माझे नाहीत, आणि आता रागही माझा नाही? मग उरलं काय माझं? ती मागे सरकली नाही. म्हणाली, आजचा राग तुझा आहे. आजचा ठेव.

गोळ्या आता रुमालात घेते आणि संडासात टाकते. सौरव डॉक्टर रोज विचारतात, घेतल्या ना? मी मान हलवते. मान हलवताना त्यांच्या गळ्याकडे बघते. बारीक गळा आहे.

२२ डिसेंबर, सोमवार

ताई आणि मी आज खेळांच्या उत्तेजक-चाचणी कक्षात गेलो होतो. सदर भागात नवी काचेची इमारत. तिथल्या साहेबांनी चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं, रिपोर्ट चाळला आणि परत दिला. म्हणाले, बाहेरच्या लॅबचा कागद आम्ही मानत नाही. शिबिरातल्या पोरींची तपासणी शिबिरच करतं. त्यांच्या फाइलीत सुई म्हणून बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व लिहिलंय. तुम्ही स्वतःच बाहेरून काही घेतलं नसेल कशावरून?

मी म्हटलं, मग तुम्ही घ्या ना माझी तपासणी. आत्ता घ्या. इथेच बाटलीत करून देते.

साहेब हसले. नियमाने फक्त खेळांच्या वेळी, आणि प्रत्येक स्पर्धेतल्या पहिल्या तिघींची. तो नमुना जकार्ताच्या लॅबला जातो, तिथे आमचं काही चालत नाही. असं म्हणाले आणि म्हटल्यावर त्यांनाच ते बोलायला नको होतं असं वाटलं असावं, कारण लगेच घड्याळ बघायला लागले.

खाली रस्त्यावर आल्यावर मी ताईला म्हटलं, मग मी पहिल्या तिघींत येते.

ती हेल्मेट हातात घेऊन उभीच राहिली. "तेलातली सुई महिनोन्महिने अंगातून जात नाही, सापडेल. पण तू दोषी ठरशील. चार वर्षं बंदी."

"ठरू दे. माझ्या अंगात सापडलं तरच त्यांना विचारतील ना, आलं कुठून."

"आणि जिची जागा तू घेशील ती?"

तिला नंतर मिळेल, असं मी म्हटलं. पदक काय, परत घेऊन देतात. सोनिकाचं यकृत कोण परत देणार आहे?

२ जानेवारी २०२६, शुक्रवार

सदरहून कोणीतरी सरांना कळवलंय. सकाळी केबिनमध्ये दोघेही होते, सर आणि डॉक्टर. मला वाटलं होतं ओरडतील. सरांनी खुर्ची दिली. म्हणाले, सोनिकाच्या शरीरातच दोष होता. तुझ्या नावाचा फ्लॅट बेसात ठरलाय, नोकरी ठरलीय. सुवर्ण मिळव आणि घे. मग डॉक्टर म्हणाले, "तपासणीची काळजी करायची नाही. खोलीत आपली बाई आहे. बाटली तिच्या हातात द्यायची, कागदावर सही करायची आणि बाहेर यायचं. झाकण तू लावायचं नाही."

म्हणजे पकडले जाऊ ही भीतीसुद्धा यांना नाही. म्हणून तर डिसेंबरपर्यंत बिनधास्त टोचत राहिले.

टेबलावर काचेचा पेपरवेट होता. माझा हात त्याच्यावर जाऊन बसला होता, मला नंतर दिसलं. उचलला नाही. "बरं सर," म्हटलं आणि बाहेर आले. बाहेर येऊन जाळीच्या खांबाला लाथ मारली, अंगठा सुजलाय.

दुपारी बाबांचा फोन. सरांनी काटोलला फोन करून पोरीला समजवा म्हणून सांगितलं होतं. "ते म्हणून राहिले होते का पोरीले नोकरी भेटन," बाबा म्हणाले. "मी म्हटलं, नोकरीचं मंग पाहू. माह्या पोरीच्या आंगात काय टाकलं ते पहिले सांगा. त्याईनं फोन ठेवून देल्ला."

बाबा आयुष्यात कोणाशी असं बोलले नसतील. पॅसेंजरशीसुद्धा नाही.

१८ जानेवारी, रविवार

अंतिम फेरी झाली. नीट क्रमाने लिहिते.

चाळीस हजार माणसं होती. माझं नाव पुकारलं तेव्हा स्टेडियम नुसतं गरजलं. तिसऱ्या फेकीला अठ्ठावन्न मीटर नव्वद आणि मी तिसरी. पहिली होती घानाची अकोसुआ, साठच्या थोडी पुढे. उंच, शांत बाई, प्रत्येक फेकीआधी थाळी ओच्याला पुसल्यासारखी अंगातल्या बनियनला पुसायची. चौथी आणि पाचवी फेक माझी फाउल गेली. शेवटच्या फेरीत मागच्या क्रमांकाने आधी फेकायचं असतं. चौथ्या नंबरची मुलगी माझ्या आधी फेकून मोकळी झाली, ती पंचावन्नच्या आतच राहिली. म्हणजे माझा तिसरा नंबर आता कोणी हलवू शकत नव्हतं.

मी वर्तुळात गेले. सर जाळीच्या मागून ओरडत होते, "काढ आग!" मला सोनिकाची ती खाट दिसली, जिजाबाईंचे मागे घेतलेले पाय दिसले, सदरचे साहेब, डॉक्टरांचा गळा. मग काही दिसलं नाही. थाळी हातातून सुटली तेव्हाच कळलं. एवढी सरळ कधीच गेली नव्हती. एकसष्ट मीटर सात.

लोक खुर्च्यांवर चढले. ढोल-ताशे सुरू झाले ते थांबेचनात. दुसऱ्या नंबरची माझ्या मागेच राहिली, आणि त्या गोंगाटातच अकोसुआला शेवटची फेक करायची होती. तिने हात वर करून थांबायची खूण केली. कोणी थांबलं नाही. तिची थाळी जाळीत गेली.

मी जिंकले. आता तर तपासणी नक्की, असं मला वाटलं. राष्ट्रगीत वाजलं, मी ओठ मिटून उभी होते. सर खाली रडत होते.

तपासणीच्या खोलीत ती बाई होती. गोड बोलणारी. बाटली घेऊन आले तर तिने हात पुढे केला, "दे बेटा, मी करते, तू थकलीस." मी दिली नाही. पेटीतून दोन बाटल्या मी निवडल्या, मी ओतलं, झाकणं मी फिरवली. ती म्हणाली, असं चालत नाही, आण इकडे. तिने माझं मनगट धरलं. कोपऱ्यात जकार्ताच्या एक वयस्क निरीक्षक बाई चष्मा लावून काहीतरी वाचत होत्या. मी त्यांच्याकडे बघून ओरडले. "माय बॉटल! आय सील! यू सी! यू रीड नंबर!" माझा हा घोगरा, फाटका आवाज भिंतींवर आपटला. निरीक्षक बाई उठल्या. गोड बाईने मनगट सोडलं.

त्यांनी दोन्ही बाटल्या उलट्या करून बघितल्या, नंबर मोठ्याने वाचला, मला विचारलं, बरोबर? मी म्हटलं, यस. मग बाटल्या त्यांनी स्वतःच्या पेटीत ठेवल्या आणि पेटीला कुलूप लावलं.

बाहेर सौरव डॉक्टर उभे होते. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना समजलं.

१९ जानेवारी, सोमवार

सगळ्या पेपरांत माझा फोटो. मेघाताईने शिबिरातून सामान आणलं, मी आता तिच्या खोलीवर आहे. येण्याआधी मेसमध्ये जाऊन लहानूभाऊंना भेटले. ते म्हणाले, मीठ त्या दिवशी जास्तच झालं होतं. खोटं बोलत होते.

२७ जानेवारी, मंगळवार

काल सकाळी निकाल आला. सापडलं. दुपारपर्यंत सगळ्या चॅनेलांवर. परवापर्यंत विदर्भकन्या होते, काल नागपूरचं नाक कापलं. आयोजन समितीने पत्रक काढलं की खेळाडूने वैयक्तिकरीत्या औषध घेतलं असावं. वैयक्तिकरीत्या! पण जकार्ताच्या लोकांनी मला बोलावून घेतलं, चार तास ऐकलं, सोनिकाकडेही हॉस्पिटलात जाऊन आले. सौरव डॉक्टर शहरात नाहीत, दुर्गेश सरांना घरी बसवलंय. आणखी दोन पोरींनी काल ताईला फोन केला. त्यांनाही सुई होती. उद्या दहा वाजता चौकशी समितीपुढे माझा जबाब.

पदक कुरिअरने पाठवा, असं समितीच्या माणसाने सांगितलं. बोभाटा नको, आम्ही घानाला पोहोचवू. मला पुन्हा तेच सणकन झालं. ती अजून इथेच आहे, आज रात्री तिचं विमान आहे, आणि तिचं सुवर्ण हे टपालाने पाठवणार? मी पदक घेऊन सरळ खेळाडूंच्या वसाहतीत गेले. फाटकावर काजल नावाची कॉलेजची पोरगी स्वयंसेवक होती, तिला इंग्रजी नीट येत होतं. तिला सोबत घेतलं.

अकोसुआ बसजवळ बॅगा ठेवत होती. मी ओळखीचं हसले. ती हसली नाही. मी पदक पुढे धरलं आणि जे पाठ करून आले होते ते सांगितलं: आम्हाला फसवून टोचलं, माझी मैत्रीण मरता मरता वाचली, कोणी ऐकत नव्हतं, पहिल्या तिघींचीच तपासणी होते म्हणून मला तसं करावं लागलं. काजलने ते सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ती मला जवळ घेईल. आता लिहिताना लाज वाटते, पण खरंच वाटलं होतं.

ती ऐकत राहिली. मग बोलायला लागली. आवाज चढवला नाही. काजल घाबरून थोडं थोडं सांगत होती.

"त्या म्हणून राहिल्या का त्यांचं वय चौतीस आहे. हे शेवटचे खेळ होते. तिथं त्यांच्या देशाचं गाणं वाजलं असतं, त्यांची आई टीव्हीसमोर बसली होती." काजल थांबली. "त्या म्हणतात, औषधाचं समजलं. ते पाप तुमचं नाही."

मी मान हलवली. अकोसुआने बोट वर केलं, अजून संपलं नाही अशी खूण केली, आणि एक-एक शब्द सुटा करून बोलली. तेवढं इंग्रजी मला काजलच्या आधीच समजलं. तरी काजलने सांगितलं.

"त्या विचारून राहिल्या, पहिल्या तिघींत यायचं होतं ना? तिसऱ्या तर तुम्ही होत्याच. मंग शेवटची थाळी काहून फेकली?"

बसचा ड्रायव्हर बॅगा चढवत होता. मी तोंड उघडलं. सोनिका, साहेब, डॉक्टर, सर, सगळे एकामागून एक आले, आणि एकही उपयोगाचा नव्हता. कोणावर तरी राग यावा म्हणून मी वाट बघितली. आला नाही.

"काय सांगू ताई?" काजलने विचारलं.

"सांग, मला पहिलं यायचं होतं."

काजलने सांगितलं. अकोसुआने पदक घेतलं, बनियनला पुसलं, बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात टाकून चेन ओढली आणि बसमध्ये चढली. खिडकीतून तिने बघितलं नाही. बस वळेपर्यंत मी उभी होते.

उद्या समितीपुढे सरांचं, डॉक्टरांचं, त्या खोलीतल्या बाईचं, सगळं सांगेन, काही सोडणार नाही. आणि तेवढं सांगून झालं की सहाव्या फेकीचंही सांगेन. ते कोणी विचारणार नाही. तरी.